दहाच्या नाण्यावरचं दुहेरी अक्षर

त्या दहाच्या नाण्याचं नाव निघालं की आजही माझं डोकं असं तापतं की बायको त्यावर चहा ठेवू शकेल.

नेपियर टाउनमधल्या एक निवृत्त शिक्षिकाबाई आमच्या पोलीस ठाण्यात आल्या. नातीच्या नर्सिंगची फी भरायची म्हणून त्यांनी आईच्या पाटल्या देऊन हे नाणं घेतलं होतं. त्यावरची अक्षरं दुहेरी होती. टांकसाळीची चूक आहे काकू, लिलावात लाखो येतील, असं आपल्याच मराठीत बोलणाऱ्या एका गोडबोल्यानं पटवलं होतं. लिलाववाल्यांनी नाणं हसून परत केलं.

खबऱ्यानं सांगितलं, माणूस गढा भागातल्या चहाच्या टपरीवर बसतो; पाटल्या शेजारच्या सिहोरा गावातल्या कुठल्याशा सराफाकडे गेल्यात, संध्याकाळपर्यंत वितळतील. उचलून आणला. मी असा गरजलो की भिंतीवरच्या पालींनी शेपट्या टाकल्या. तो ढिम्म.

"साहेब, नाणं सरकारी, अक्षर डबल. मला काय कळून राहिलं त्यातलं? मीही फसलोच ना."

नाणं खोटं असतं तर काम सोपं होतं. हे अस्सल होतं. त्याला सगळं माहीत होतं, हे सिद्ध करायचं होतं.

मग मी आवाजात साखर घातली. दोन पंच बसवले, ठाण्यातल्या सगळ्यांच्या खिशातली चिल्लर टेबलावर ओतली आणि कडेला खूण करून बाईंचं नाणं त्यातच सरकवलं. यात काही किमती आहे का, असं भिंग पुढे करत विचारलं. हवालदार मुद्दाम म्हणाला, "जाऊ द्या साहेब, याला काय डोंबल कळतं."

हे मात्र त्याला झोंबलं. त्यानं भिंग ओढून घेतलं आणि व्याख्यानच सुरू केलं. ठसाच दुहेरी कोरला गेला असेल तर दोन्ही अक्षरं भरीव उठतात, टोकाला खाच दिसते; किंमत येते ती त्याला. मग एक नाणं बाजूला फेकलं.

"हे रद्दी. छापताना ठसा हलला. दुसरं अक्षर चपटं, पायरीसारखं, अन् मूळचं बारीक झालं. दहाच रुपये."

मी ते उचलून कडेची खूण पंचांना दाखवली. गड्यानं भिंग खाली ठेवलं, अन् सराफाचं नाव बाहेर आलं. जीप अशी पळवली की तिचा आवाज मागून सिहोऱ्याला पोचला. तरी एक पाटली वितळलीच होती. दुसरी कोर्टाच्या हुकमानं बाईंना मिळाली, ती त्यांनी स्वतः विकून फी भरली.

लबाडाला दरडावू नये, त्याच्या हुशारीवर शंका घ्यावी, हे मी तिथं शिकलो. पण राग गेला नाही. खोटी नाणी पाडणारेही मी पकडलेत. त्यांना निदान भट्टी पेटवावी लागायची. याला ते बारीक झालेलं अक्षर स्पष्ट दिसत होतं, आणि बाईंना दिसत नाही हे पाहूनच त्यानं पाटल्यांकडे हात पुढे केला होता.