साचेखात्यातलं बोलणं

इंदूरला शिकायला जायचं ठरलं तेव्हा वडील म्हणाले, "तिकडे आपलीच मराठी माणसं आहेत, तुला परकं वाटायचं नाही." वडिलांनी इंदूर पाहिलेलं नव्हतं. पुण्याला माझा नंबर लागला नाही आणि इंदूरला लागला, एवढंच त्यामागचं कारण. कराडजवळच्या आमच्या गावातून मी निघाले ती एक ट्रंक घेऊन आणि आपली भाषा आपल्याला कुठेही तारून नेईल या भरवशावर. उतरले परदेशीपुऱ्यात, वडिलांच्या ओळखीतल्या एका मराठी कुटुंबाकडे. काका मिलमध्ये विणकर होते, काकू घर सांभाळायच्या आणि त्यांच्या थोरल्या मुलाला सगळी गल्ली 'भिया', म्हणजे भैया, म्हणायची म्हणून मीही म्हणू लागले.

पहिल्याच दिवशी काकू म्हणाल्या, "सामान ठेव, हात-मुँह धू आणि पहिले नाश्ता करून घे." मी म्हटलं, "नको, गाडीत खाल्लंय." आमच्याकडे दोनदा 'नको' म्हणायचं, मग यजमानाने आग्रह करायचा आणि तिसऱ्यांदा आपण पानावर बसायचं, अशी रीत. इथे पहिलंच 'नको' म्हणजे भांडण उकरून काढणं. काकूंचा चेहरा इतका उतरला की मी मुकाट्याने पोह्यांची बशी उचलली. त्या पोह्यांवर शेव होती, बडीशेप होती आणि शेजारी चक्क जिलबी. सकाळी आठ वाजता जिलबी! मला वाटलं, ही माणसं मराठी असणं शक्यच नाही.

"तू तर भोत शुद्ध बोलते बाई, एकदम रेडिओसारखी," काकू म्हणायच्या आणि शेजारणींना बोलावून आणायच्या. मग मी काहीतरी बोलायचं आणि त्यांनी हसायचं. मला राग यायचा. भाषा माझी, हसणार तुम्ही? अभ्यासाला दार लोटून बसले तर काकू विचारायच्या, "तबीयत ठीक आहे ना?" आणि अर्ध्या तासात कुणीतरी काढा घेऊन हजर. त्या गल्लीत दार लोटून फक्त आजारी माणूस बसे. पहिल्या महिन्यात मी तीनदा तरी परत जायचं ठरवलं असेल. गेले नाही, कारण तोवर त्या जिलबीची सवय लागली होती.

त्या घरात माझं कुणाशी आधी जमलं असेल तर ते काकांशी, आणि काकांना ऐकू येत नव्हतं. उमेदीची सगळी वर्षं साचेखात्यात, म्हणजे मिलमध्ये जिथे माग चालतात त्या दालनात गेलेली. तिथे शेकडो माग एकदम धडधडत. शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी उपयोग नसे. त्यामुळे विणकर आवाज वापरतच नसत. ओठ मोठे हलवायचे, भुवया, बोटं, खांदे कामाला लावायचे, आणि दहा माग पलीकडचा माणूस सगळं समजून घ्यायचा. असं बोलता बोलता एकीकडे कान गेले आणि दुसरीकडे ही बोली पक्की झाली. घरातली माणसं काकांशी ओरडून बोलत, काकांना त्यातलं थोडं कळे. संध्याकाळी ओट्यावर त्यांचे खात्यातले सोबती जमले की मात्र ओट्यावर आवाज नसे आणि गप्पांना ऊत आलेला असे. मी कडेला बसून ओठ बघायची. माझ्या शुद्ध मराठीला न हसणारी तेवढी एकच मैफल होती. हळूहळू मला अधूनमधून एखादा शब्द लागू लागला.

त्या सोबत्यांत काकांचे जिवलग होते समोरच्या घरातले मौसाजी. मूळचे उत्तरेकडचे, घरी हिंदी, कान अजून शाबूत. दोघांचे माग समोरासमोर होते. काका मराठीत ओठ हलवत, मौसाजी हिंदीत, आणि दोघांचं काही अडत नसे. मी एकदा काकांना पाटीवर लिहून विचारलं, "इतकी वर्षं बोलता काय तुम्ही दोघं?" काका मोठ्याने म्हणाले, "ते आमचं आमचं आहे." असं म्हणून ते लाजले होते, हे मला चांगलं आठवतं.

माझ्या दुसऱ्या वर्षी मिल बंद झाली. आधी एक पाळी गेली, मग कापूस यायचा थांबला, मग फाटकाला कुलूप लागलं. आमच्या कॉलेजात त्याच सुमारास नव्या आर्थिक धोरणावर वादविवाद स्पर्धा होती. बाजार खुला झाला की देश कसा पुढे जाईल, हे मुलं टाळ्यांच्या गजरात सांगत होती. इंदूरजवळ पीथमपूरला नवे कारखाने येत होते, हे खरंच होतं. पण तिथे मुलाखतीला ऐकू येणारा माणूस लागे. मी स्पर्धेतून उठून घरी आले तर काका ओट्यावर एकटे. सोबती पांगायला लागले होते. कुणी गावी गेलं, कुणी मुलाकडे, आणि मौसाजी आपल्या मुलाबरोबर सुरतेला यंत्रमागांवर. काकांना नोकरी गेल्याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठी धास्ती दुसरीच होती. आपल्याशी आता बोलणार कोण? सगळे गेले तरी एक मौसाजी परत येतील, या आशेवर ते होते. दिवाळीपर्यंत येतो, असं मौसाजी सांगून गेले होते. दिवाळीला रजा मिळाली नाही. मग ठरलं, संक्रांतीला.

भियाने घराच्या पुढच्या खोलीत एसटीडीचं बूथ टाकलं. पिवळी पाटी, आत काचेची केबिन, बाहेर एक खुर्ची. भिया दिवसभर बाहेरची कामं बघे, म्हणून खुर्चीवर काका बसत. ऐकू न येणारा माणूस फोनच्या धंद्यावर, म्हणून गल्लीने थोडी थट्टा केली. पण मला एक गोष्ट पहिल्यापासून खटकत होती. गल्लीतला माणूस केबिनमध्ये शिरला की आमच्याकडे पाठ करून उभा राही. मला वाटलं, ही इथली आणखी एक तऱ्हा. मी स्वतः मात्र काचेकडे तोंड करून दर आठवड्याला घरी बोलत असे. एके दिवशी मी फोनवर आईला सांगितलं की पोटात दुखतंय, आणि बाहेर आले तर काका आत ओरडून सांगत होते, "हिच्यासाठी खिचडी टाक, पोट खराब आहे हिचं!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही विणकरांची गल्ली. काचेआडचं बोलणं इथे कुणालाही वाचता येतं, म्हणून लपवायचं असलं की पाठ करायची. काकाही कुणी आत गेलं की खुर्ची रस्त्याकडे वळवून बसत. माझ्या बाबतीत तेवढं त्यांनी पाळलं नव्हतं. मी रागावून विचारलं तर म्हणाले, "तू तर घरची आहेस ना." मला मनातून बरंच वाटलं.

काचेकडे तोंड करून बोलणारी गल्लीत आणखी एकच बाई होती, मौसाजींची बायको. विणकराच्याच घरात वाढलेली, त्यामुळे ही बोली तिला पुरती येई. आम्ही तिला मौसी म्हणायचो. रविवारी सकाळी सुरतेहून फोन यायचा. काका खुर्ची काचेला लावून सरसावून बसायचे आणि मौसी मुद्दाम त्यांच्याकडे तोंड करून उभी राहायची. नवऱ्याचं एकेक वाक्य ती ओठांवर परत म्हणायची, "कह रहे हैं, खोली छोटी है... कह रहे हैं, खाना ठीक नहीं..." काका हातवारे करायचे, ते ती फोनमध्ये सांगायची. नवरा-बायकोच्या बोलण्यातला अर्धा वेळ असा काकांना जाई. मौसीने त्याबद्दल कधी तोंड वाकडं केलं नाही.

संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. रविवार नव्हता. दुपारी सुरतेहून मौसीच्या मुलाचा फोन आला, तो काकूंनी उचलला, आणि त्याने आईला नव्हे, बायकोला बोलवायला सांगितलं. मौसी बाजारात गेली होती. काकू सुनेला हाक मारून घेऊन आल्या. सून गौतमपुऱ्याकडच्या शेतकरी घरातली, नुकतीच लग्न होऊन आलेली. साचेखात्यातल्या बोलीचा तिला गंधही नव्हता. काकांसमोर ती हातभर पदर ओढून यायची, पण केबिनमध्ये फोन कानाला लावायला पदर मागे सारावा लागे. ती काचेकडे तोंड करून उभी राहिली. काका सवयीने खुर्ची वळवायला उठले आणि उठता उठता त्यांची नजर गेली. मी शेजारीच पुस्तक घेऊन बसले होते. "कब?" हा शब्द मीसुद्धा वाचला. पुढे ऐकलेलं ती भांबावून परत परत म्हणत होती. ते मला लागलं नाही, पण काकांना लागत होतं, आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. मला एवढी भीती आयुष्यात क्वचितच वाटली असेल.

सून पदर ओढून बाहेर आली, "सब ठीक है, काकाजी" म्हणाली आणि घरी गेली. काकांनी मला पाटी मागितली आणि लिहिलं, "दोस्त गेला. सकाळपर्यंत आणतील. बाईला सांगायचं नाही." तशी रीतच होती. माणूस दारात येईपर्यंत त्याच्या बायकोला सांगायचं नाही. निदान रात्रीचं जेवण तरी तिच्या पोटात जावं. काकूंनी पाटी वाचली, डोळे पुसले आणि पाटीही पुसली. काका मात्र रडले नाहीत. ते खुर्चीवर तसेच बसून राहिले.

दिवस कलायच्या आधी मौसी नेहमीसारखी ओट्यावर आली. ताटात बटला होता, मटारच्या शेंगांना तिथे बटला म्हणतात. ती काकूंशी बोलत, हसत शेंगा सोलू लागली. संक्रांतीला नवरा येणार म्हणून कचोरीचा बेत होता. मी पुस्तकात डोकं घातलं. मग कुणाकडून तरी कानावर आलेलं तिला आठवलं. ती काकांकडे वळली आणि त्यांच्या बोलीत, नुसत्या ओठांनी विचारलं, "सूरत से फोन आया था?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं. एखादी थाप मारता आली असती. तोंडाने खोटं बोलता येतं, पण त्या बोलीत सगळा चेहराच बोलत असतो, आणि समोर बसलेली बाई आयुष्यभर तो वाचत आलेली. काका उठले, त्यांनी खुर्ची उचलली आणि रस्त्याकडे तोंड करून बसले.

मौसीचे हात थांबले. तिने त्यांच्या पाठीकडे पाहिलं. मग ताट हळूच बाजूला ठेवून काकूंना म्हणाली, "भाभी, अब मत छुपाओ. आज तक इन्होंने मेरे से मुँह नहीं फेरा." काकूंनी तिला कवेत घेतलं. मी रडत होते. काकांची पाठ हलत होती, पण त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

सकाळी मौसाजींना आणलं. मिलच्या फाटकावरून नेलं, कुलूप लावलेल्या फाटकापाशी क्षणभर थांबवलं. पांगलेले बरेच सोबती आले होते. त्यानंतर काका कुणाशीच बोलेनासे झाले. मी ओठ हलवून बघायची, तर मान डोलावून गप्प बसत. माझी ती मोडकीतोडकी साच्याची बोली त्यांना काय पुरणार होती?

तेराव्याला दुपारी माणसं जेवून गेली. मौसीच्या घरात घरचीच चार माणसं उरली. मौसी उठली आणि सरळ काकांसमोर जमिनीवर येऊन बसली. तिने नुसत्या ओठांनी, पण अगदी सावकाश विचारलं, म्हणून मलाही कळलं. "भाईसाब, घर आते तो चुप रहते थे. थक जाते थे. दिन भर आपसे क्या बोलते थे?"

काका आधी मान हलवत राहिले. मग त्यांचा हात उचलला गेला. ओठ हलू लागले, भुवया चढल्या, खांदे हलले. मध्येच ते मौसाजींसारखी मान तिरकी करत, मध्येच स्वतःसारखे हसत. दोन्ही बाजूंचं तेच बोलत होते. खोलीत आवाज म्हणून नव्हता. मौसी टक लावून वाचत होती, मध्येच तोंडावर पदर धरून हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. काका थांबले की ती हाताने खूण करे, आणखी सांगा.

मला फार थोडं कळत होतं. भाज्यांचे भाव होते, मुकादमाची नक्कल होती, मुलाच्या शाळेचं काहीतरी होतं. एकच वाक्य मला पुरतं वाचता आलं. मौसाजींसारखी मान तिरकी करून, छातीवर हात ठेवून काका म्हणाले, "आज सीधा घर जाऊँगा यार, सुबह उससे झगड़ के आया हूँ, चैन नहीं पड़ रहा."