पंखा आल्याशिवाय हलणार नाही

चहा आधी संपवा बघू. मी हे सांगायला लागलो की ऐकणाऱ्याला ठसका लागतो आणि चहा माझ्याच शर्टावर येतो. दोनदा झालंय! मेहुणीचं जमलेलं लग्न मोडता मोडता राहिलं हो माझ्यामुळे. आणि कशापायी? एका पंख्यापायी!

मी पेणचा. गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे रंगवतो. सासुरवाडी रोह्याच्या खाली, कुंडलिकेच्या खाडीकाठी. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणतात. भातशेतीचा माणूस, आवाज असा की या काठावर खाकरले तर पलीकडचे बगळे उडतात. पण जावयाला आजतागायत उणा शब्द बोललेले नाहीत. मेहुणा मंगेश. त्याची फायबरची बोट आहे, मागे मशीन लावलेली.

तर धाकट्या मेहुणीचा, सोनालीचा साखरपुडा होता. मुलगा समोरच्याच काठावरचा. निलेश त्याचं नाव, रोह्याला एका कंपनीत शिफ्टवर जातो, गुणी पोरगा. रस्त्यानं यायचं म्हटलं तर रोह्याच्या पुलावरून हा मोठा वळसा. बोटीनं मात्र पानाचा विडा चघळून संपायच्या आत पोचता येतं. म्हणून ठरलं, पाहुण्यांना मंगेश बोटीनं आणणार.

आणि ऐन वेळी कळलं, हारच आलेले नाहीत!

मंगेशनं बाईकला किक मारली. "मी रोह्यावरनं हार घेऊन येतो. पन पावन्यांना कोन आननार?"

आता गप्प बसायचं ना मी? नवा कुर्ता, अत्तर, जावयाचा मान, सगळं होतं! पण तोंड उघडलं.

"मी आणतो की!"

बायको म्हणाली, "तुम्ही? अहो, तुम्हाला स्कूटर धड स्टँडवर लावता येत नाही."

"मागच्या ट्रिपला बोटवाल्यानं मला मशीनचा दांडा धरू दिला होता," मी म्हणालो. हे खरं होतं. बोट त्या वेळी दोरीनं धक्क्याला बांधलेली होती, एवढं सांगायची मला गरज वाटली नाही.

मंगेशनं अण्णांकडं बघितलं. अण्णांनी आभाळाकडं बघितलं. जावयाला नाही कसं म्हणणार?

"भावजी, नीट ऐका," मंगेश म्हणाला. "ओहोटी लागलीय. मधी लाल फडक्याची काठी हाय. तिच्या डावीकडनं जायाचं. उजवीकडं जुना दगडी बांध बुडालेला हाय, वरनं दिसत नाय. काय सांगितलं?"

"डावीकडनं!"

"हां. डावीकडनं."

गेलो! अहो, काय गेलो म्हणून सांगू! लाल काठीच्या डावीकडनं बोट अशी सुळकन काढली की मला वाटलं, मूर्ती रंगवण्यात आपलं आयुष्य फुकट गेलं.

पलीकडं निलेश, त्याचे दोन काका आणि आत्या तयार होते. या आत्यांनी निलेशला लहानाचा मोठा केलेला. त्या हो म्हणतील तर हो, नाही म्हणतील तर नाही. देहानं भरभक्कम. त्या पुढं बसल्या तशी माझी मागची बाजू वर आली.

"तुमाला येतं ना ओ चालवाया?" त्यांनी विचारलं.

"आत्या, डोळे मिटून बसा."

त्यांनी खरंच मिटले.

परत निघालो. लाल काठी जवळ आली. मी मनात घोकतोय, डावीकडनं, डावीकडनं. तेवढ्यात निलेश हळूच म्हणाला, "भाऊ, जरा तिकडनं..."

"काळजी नको. मला पक्कं सांगितलंय. डावीकडनं!"

"नाय, पन आता..."

"निलेशराव, आज तुम्ही फक्त लाजायचं. बोट माझ्यावर सोडा."

खड्डाक्!

मशीन पाण्यातून वर उडालं आणि असं किंचाळलं की मी पण त्याच्याबरोबर किंचाळलो. पाहुण्यांनी आणलेला पेढ्यांचा बॉक्स उघडला. एक पेढा आत्यांच्या ओटीत पडला. त्यांनी डोळे उघडून पेढ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि पेढा खाऊन टाकला.

"भाऊ," निलेश म्हणाला, "जाताना डावीकडं असतं ते येताना उजवीकडं येतं ना?"

तुम्हीच सांगा, हे त्याला आधी बोलता येत नव्हतं? बरं, बोलत होता. मीच बोलू दिलं नाही. जाऊ दे!

मशीन वर उचलून बघितलं. पाण्यात फिरून बोट पुढं ढकलतो ना, त्याला बोटवाले पंखा म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढं सगळा घोळ त्याचाच आहे. त्या पंख्याला तीन पाती. त्यातलं एक गायब, दुसरं मास्तरांनी कान पिळावा तसं पिळलेलं. तिसरं तेवढं धड होतं, बिचारं एकटंच.

शहाणा माणूस इथं थांबला असता. मी मशीन पुन्हा चालू केलं.

बोट पुढं सरकायच्या ऐवजी थरथरायला लागली. पीठ चाळायच्या चाळणीत बसल्यासारखं! सगळ्यांचे दात वाजायला लागले. एक काका म्हणाले, "ब-ब-बंद क-क-करा ओ!" मी म्हणालो, "ह-ह-होईल न-न-नीट!" तेवढ्यात त्या वाकड्या पात्यानं कुणाचं तरी पाण्यातलं जुनं जाळं पकडलं, दोरीसकट गरागरा गुंडाळून घेतलं आणि मशीननं घुर्रर्र करून जीव सोडला.

पाणी उतरतंय. वर ऊन. आत्या पदरानं वारा घेतायत.

मंगेशला फोन लावला. तो बाईकवर, उचलेना. बायकोला लावला. फोन उचलला माझ्या आईनं. आई साखरपुड्यासाठी पेणहून आलेली. उभा जन्म बाजारपेठेत गेला, बोट तिनं बघितली ती चित्रात. त्यात एका कानानं कमी ऐकते, आणि फोन नेमका त्याच कानाला लावते.

"आई, पंखा तुटला! मंगेशला सांग, दुसरा घेऊन ये!"

"काय? पंखा?"

"हो, पंखा! पाहुणे अडकलेत. पंखा आल्याशिवाय आम्ही हलणार नाही!"

"पाहुणे काय म्हणतायत?"

"पंखा! पंखा आल्याशिवाय हलणार नाही!"

रेंज गेली. म्हटलं, चला, निरोप तर पोचला.

पोचला हो, पोचला! आई मंडपात गेली आणि चारचौघांत म्हणाली, "पाहुण्यांनी बोट मधेच थांबवलीय. पंखा मिळाल्याशिवाय हलणार नाही म्हणतायत." बायकांच्या घोळक्यातून तो निरोप स्वयंपाकाकडं गेला, तिथं पंख्याचा कूलर झाला. स्वयंपाकातून अण्णांपर्यंत जाईस्तोवर त्याचा एसी झाला होता.

अण्णा उठलेच. "साखरपुड्यालाच मागनी? आनि माझ्या जावयाला खाडीत अडकवून ठेवलाय?"

इकडं आम्हाला काय ठाऊक! आम्ही बघतोय तर काठावर गर्दी. सगळ्यांत पुढं अण्णा, नवं धोतर खोचलेलं आणि खांद्यावर मंडपातला उभा पंखा! वायर मागं लोळतेय. बोट काठापासून अशी काही लांब नव्हती, त्यामुळं अण्णांचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. रोह्यातसुद्धा येत असणार.

"ह्यो घ्या पंखा! एसी नाय देनार! पोरगी जड झाली नाय आमाला!"

आत्या ताडकन उभ्या राहिल्या. बोट डुगडुगली.

"कोनाला पायजे तुमचा पंखा? आमच्या घरी पंखे नायत का? निलेश, बोट मागं फिरव! हे लगीन होनार नाय!"

"आत्या, बोट फिरत नाय," निलेश रडकुंडीला येऊन म्हणाला. "पंखाच नाय."

"आता तू पन पंखा मागतोस?"

काठावर सोनाली हुंदके देतेय. काका आत्यांना खाली बसा म्हणतायत. अण्णा पंखा डोक्यावर उचलून तोलतायत. मी मशीन वर उचलून ठेवलंय आणि मधे उभा राहून दोन्हीकडं हात करून ओरडतोय, "तो पंखा नाही, हा पंखा!" पण माझं ऐकतंय कोण? एका पोरीचा संसार माझ्या डोळ्यांदेखत बुडत होता, आणि तोही गुडघाभर पाण्यात!

तेवढ्यात मंगेश आला. गळ्यात हार अडकवलेले. त्यानं गर्दी बघितली, अण्णांच्या डोक्यावरचा पंखा बघितला, मग वर उचललेलं मशीन आणि त्याला लोंबणारं जाळं बघितलं. आणि तो मटकन खालीच बसला.

"अण्णा," त्याला हसताना बोलता येईना. "अण्णा, बोटीचा पंखा! बोटीचा!"

पहिल्या हसल्या त्या आत्या. आधी पोट हललं, मग बोट हलली, मग दोन्ही काठ हसायला लागले. अण्णांनी पंखा हळूच खाली ठेवला आणि त्याच्याकडं पाठ करून उभे राहिले.

एव्हाना पाणी इतकं उतरलं होतं की मी धडकलो तो दगडी बांधच वर आला. चांगला पायवाटेसारखा, थेट काठापर्यंत! निलेशनं आत्यांचा हात धरला, आणि सगळे पाहुणे चपला हातात घेऊन त्यावरून झपाझप निघाले.

मी शेवटी उतरलो. कप्तान ना मी! बोटीच्या एका बाजूला बांध होता. दुसऱ्या बाजूला काय होतं, हे उडी मारल्यावर कळलं.

चिखल! कमरेपर्यंत! वर काढायला मंगेशसह चौघं लागले. आत्या काठावरून बघत होत्या. म्हणाल्या, "पेनचा गनपती ना हो हा? बुडवाया घाई केली!"

साखरपुडा झाला. थोडा उशिरा, पण झोकात झाला. मी अण्णांचं धोतर नेसून मागच्या रांगेत बसलो होतो. मशीनला दुसरा पंखा मीच आणून दिला, आणि मंगेशनं बसवताना मला हातसुद्धा लावू दिला नाही.

पुढं लग्नाची बोलणी करायला दोन्हीकडची मंडळी बसली. आत्या म्हणाल्या, "आमाला हुंडा नको, मानपान नको. पन आमची एक मागनी हाय."

अण्णांची मान ताठ झाली. "बोला."

"वऱ्हाड बोटीनंच येनार. तवा आमी काठाला उतरेपर्यंत तुमच्या मोठ्या जावयांना खाडीकडं फिरकू द्यायाचं नाय."

जावयाला कधी उणा शब्द न बोललेल्या अण्णांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"मान्य!"

आणि माझी सख्खी आई, या वेळी बरोबर चांगल्या कानानं ऐकून, म्हणाली, "मी धरून ठेवते त्याला."

ठेवलं हो! लग्नाच्या दिवशी वऱ्हाड उतरलं, जेवण वाढायला घेतलं, तरी तिनं माझं मनगट सोडलं नव्हतं. मेहुणीच्या लग्नात अक्षता मी एका हातानं टाकल्यात.