प्रयागबाईंची मूठ

नागपूरच्या बेसा भागात माझी अभ्यासिका आहे. चाळीस खुर्च्या, दोन कूलर आणि भिंतीवर माझ्याच हातची रंगीत वेळापत्रकं. महिन्यातून एका रविवारी मी पालकांना 'कमी वेळात जास्त अभ्यास' यावर व्याख्यान देतो. मी स्वतः स्पर्धा परीक्षेत चारदा आपटलो, हे त्या व्याख्यानात येत नाही.

प्रयागबाई आमच्याकडे झाडझूड करतात. माहेर-सासर दोन्ही भिवापूरचं, वय चव्वेचाळीस. नागपूरला येण्याआधी वीस वर्षं त्या सातऱ्यावर, म्हणजे वाळल्या मिरचीचे ढीग पडतात त्या आवारात, देठ खुडायला जायच्या. इथे एका दवाखान्यात त्यांना पक्की आया म्हणून घेणार होते, पण दहावी पास पाहिजे होती. म्हणून त्यांनी बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. घरी एकच खोली, तिच्यात सासू, दोन पोरी आणि दिवसभर चालणारा टीव्ही. मी मोठ्या मनाने त्यांना दुपारपासून कोपऱ्यातली खुर्ची दिली. मोठ्या मनाने म्हणजे, ती तशीही रिकामीच असायची.

माझ्या वेळापत्रकांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. येताना एक जुनी टोपली घेऊन आल्या. धडा वाचायचा, पुस्तक मिटायचं, प्रश्न चिठ्ठीवर लिहून टोपलीत टाकायचा. संध्याकाळी आत हात घालून मूठभर चिठ्ठ्या काढायच्या आणि उत्तरं पुटपुटायची. अडलेली चिठ्ठी पुन्हा टोपलीत.

"हे काय करून राहिल्या बाई?" मी विचारलं.

"सातऱ्यावर मुकादम पुरा ढीग नाही पाहे सर. मधातून मूठ काढे. मुठीत एक जरी देठ सापडला, का पुरा ढीग पुन्हा खुडा लागे. कुठून काढन ते आपल्याले मालूम नसे. म्हणून सारंच नीट करा लागे."

पुढच्या रविवारी व्याख्यानात मी हेच सांगितलं. त्याला 'मूठ पद्धत' असं नावही दिलं. मिरची तेवढी वगळली, माझी भर एवढीच. एका मुलीच्या आईने विचारलं, "सर, हे तुम्हाला सुचलं कसं?"

प्रयागबाई चहाचा ट्रे घेऊन शेजारीच उभ्या होत्या.

"अनुभवातून," मी म्हणालो.

त्यांनी माझ्यापुढे कप ठेवला आणि पुढच्या रांगेकडे गेल्या. मला मान वर करून पाहवलं नाही.

त्या आठवड्यात खुर्च्या भरल्या. कोपऱ्यातली तेवढी उरली, आणि तिच्यासाठीही एक मुलगी आली. परीक्षेला दीड महिना होता. बाईंची इंग्रजी अजून व्हायची होती, कठीण म्हणून त्यांनी ती शेवटी ठेवलेली. मी म्हणालो, "बाई, थोडे दिवस घरी करता का अभ्यास?"

"चालते सर," त्या म्हणाल्या आणि टोपली काखेत घेऊन गेल्या.

लाज मला तेव्हाच वाटली होती. वाटूनही मी ती खुर्ची त्या मुलीला दिली, याची जास्त वाटते. ज्यांच्या मुठीने माझी अभ्यासिका भरली, त्यांनाच तिच्यात जागा उरली नाही. आणि मी भिंतीवर लिहून ठेवलंय, 'अभ्यासाला जागा ठरलेली असावी'.

निकाल लागला. बाकी सगळे विषय सुटले, गणितसुद्धा. इंग्रजीत सत्तावीस. दवाखान्याने दुसरी बाई घेतली.

दुसऱ्या दिवशी त्या नेहमीच्या वेळेला कामावर आल्या. मी माझी खुर्ची ओढून त्यांच्यापुढे ठेवली. "बाई, चुकलं माझं. ती पद्धत तुमची होती, मी आपली म्हणून सांगितली."

"माह्या एकटीची कुठची सर? सातऱ्यावरच्या साऱ्याच बायांची हाये." त्या बसल्या नाहीत. काखेतून आणलेली टोपली तेवढी टेबलावर ठेवली. "हे राहू द्या तुमच्यापाशी. लेक्चरात दाखवाले होईन."

"पुन्हा परीक्षेला बसाल, तेव्हा लागेल ना तुम्हाला?"

"इंग्रजीची नवी भरन ना. ह्यातल्या चिठ्ठ्या इथं बसून लिहिल्या, त्या साऱ्या आल्या मले पेपरात." त्यांनी कोपऱ्यातला झाडू उचलला. "घरी केलं, तेच नाही आलं."