फौजदारकाका आणि अंधारातला नेम

आमच्या वॉटफर्डच्या फौजदारकाकांनी आख्ख्या नोकरीत एकही गोळी झाडली नाही, आणि हे ते मोठं पदक मिळाल्याच्या थाटात सांगायचे. जन्म साताऱ्याकडे पोलीस खात्यात गेलेला. मिशा अशा, की सुपरमार्केटमधला सिक्युरिटीवाला त्यांना आपणहून गुड मॉर्निंग करायचा. माझी लेक एकदा तिच्या मराठीत त्यांना म्हणाली, "आजोबा, तुमचा गन कुठे आहे?" काका म्हणाले, "सरकारला परत केली बाळा. त्या दिवशी पहिल्यांदा शांत झोप लागली."

काकू गेल्यावर त्यांच्या मुलानं त्यांना इकडे, इंग्लंडला आणलं. आमच्या समोरच राहायचे. इथल्या साध्या पोलिसाकडे बंदूक नसते याचं त्यांना भारी कौतुक. हाय स्ट्रीटवर एखादा पोलीस दिसला की थांबून हात मिळवायचे आणि चक्क मराठीत सांगायचे, "शहाणं खातं आहे तुमचं." तो बिचारा हसून थँक यू म्हणायचा.

माझी धाकटी बहीण मंजू टेक्सासला नर्स आहे. रात्रपाळी. हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये तिच्या एका मैत्रिणीला कुणीतरी लुटलं, आणि आमच्या बाईसाहेबांनी लायसन्स काढून छोटं पिस्तूल घेतलं. कपड्याआड कमरेला लावायचं म्हणे. मी फोनवर इतकी ओरडले की घसा बसला. "ताई, वॉटफर्डमध्ये बसून बोलणं सोपं आहे," असं म्हणून तिनं मला गप्प केलं. वर आठवड्याभरानं त्या पिस्तुलावर बसवायच्या, रात्री नेम धरायच्या साइट्सच्या, म्हणजे माश्यांच्या, लिंका पाठवल्या. अंधारात चमकणारे ठिपके, बॅटरी न लागणारे. यातले कुठले घेऊ, असं मला विचारत होती. मला, जिला भाजीचा चाकूसुद्धा बोथट आवडतो. त्यात आमची आई तिच्याकडे राहायला निघालेली. मी फोन घेऊन सरळ समोर काकांकडे गेले.

मला वाटलं, काका तिला झापतील. कुठलं काय. त्यांनी चष्मा चढवला, व्हिडिओ कॉलवर मंजूला घेतलं आणि वधूपरीक्षेसारखे प्रश्न सुरू केले. कमरेला कुठे लावणार? तुला चष्मा आहे का? मंजूला पुढचा एक आणि मागचे दोन, असे तिन्ही ठिपके सारखे हिरवेगार असलेली साइट आवडली होती. "साडी निवडतेयस का?" काका म्हणाले. "पुढची, नळीच्या टोकावरची माशी तेवढी ठळक पाहिजे, भोवती केशरी कडं असलेली. मागची काळीच बरी. घाईत तीन दिवे दिसले की डोळा भलताच दिवा पकडतो. आणि कडा गोल घासलेल्या घे, कपड्यात अडकायला नकोत. आम्ही बापडे पुढच्या माशीला चुना लावायचो."

मी वैतागले. "काका, तुम्ही तिला समजवाल म्हणून आले, आणि तुम्ही खरेदीलाच बसलात."

"आपण सांगून ती आता ते टाकणार नाही," काका म्हणाले. "मग निदान नीट शिकू दे."

साइट बसवून झाल्यावर त्यांनी तिला पुन्हा फोनवर बसवलं. पिस्तूल रिकामं करून दाखवायला लावलं. मग म्हणाले, "जाड पडदे ओढ आणि दिवे घालव. काय दिसतं?"

"मस्त दिसतोय काका, हिरवा ठिपका."

"आणि त्याच्या पलीकडे?"

"काही नाही."

"हं. ही वस्तू तुझा हात कुठे आहे ते सांगते. पुढे कोण आहे ते सांगत नाही. त्याला टॉर्च लागतो, आणि टॉर्चच्याही आधी तोंड. टॉर्च दुसऱ्या हातात ठेव, पिस्तुलाला जोडू नको, नाहीतर नुसतं बघायलासुद्धा पिस्तूल रोखशील. आधी विचारायचं, कोण आहे. मराठीतसुद्धा विचार."

मंजू हसायला लागली. "काका, टेक्सासमधला चोर मराठी कसा असेल?"

"चोर नसेल तर?"

आई तिकडे पोचली. जेटलॅगनं पहाटेच टक्क जागी. आईचा जन्मभराचा नेम, कुणाची झोपमोड करायची नाही. दिवा न लावता, अनवाणी, आवाज न करता ती गॅरेजमधल्या दुसऱ्या फ्रिजमधून दही आणायला गेली. दार करकरलं. मंजूची त्या रात्री सुट्टी होती. ती उठली, एका हातात टॉर्च, दुसऱ्यात पिस्तूल खाली धरलेलं. सवयीनं इंग्लिशमध्ये ओरडली, कोण आहे? उत्तर नाही. इंग्लिशमधलं काही आपल्यासाठी असतं, असं आमच्या आईला कधीच वाटत नाही. "ताई, माझा हात वर यायला लागला होता गं," मंजू मला रडत सांगत होती. "तो हिरवा ठिपका मला दिसत होता." मग तिला काकांचं बोलणं आठवलं आणि तिनं मराठीत विचारलं. अंधारातून शांतपणे आवाज आला, "अगं मी. झोप तू."

मंजूनं पिस्तूल पाठीमागे लपवलं आणि टॉर्च लावला. आई दचकली, हातातलं दही खाली.

मी हे काकांना सांगितलं तेव्हा ते जिन्याच्या पायरीवर मटकन बसले. मग म्हणाले, "फोन लाव. वहिनींना दे." आईला पिस्तुलाचा पत्ताच नव्हता. ती तक्रार करायला लागली, "अहो, ही पोरगी डोळ्यांवर टॉर्च मारते. सगळं दही सांडलं माझं."

"फार वाईट केलं तिनं. मी खडसावतो तिला," काका म्हणाले. आवाज अगदी फौजदारी. "पण वहिनी, माझी एक विनंती आहे. घरात फिरताना दिवा लावायचा आणि आवाज द्यायचा. मला शब्द द्या." आईनं दिला. फोन ठेवल्यावर काका चष्मा पुसत राहिले, आणि मी तिथेच उभी राहून रडले. मंजूनं त्याच महिन्यात पिस्तूल विकलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढे काका साताऱ्याला परत गेले आणि गेल्या वर्षी झोपेतच गेले. त्यांना निरोप द्यायला मला जाता आलं नाही, याचं वाईट वाटतं.

या हिवाळ्यात आई माझ्याकडे आहे. पाचला उठते, खालपासून वरपर्यंत सगळे दिवे लावते, भांडी आदळते आणि जिन्यातून ओरडते, "मी आहे गं, मीच आहे." सगळं घर जागं होतं. नवरा उशीत तोंड खुपसून विचारतो, हे आईंना कुणी शिकवलं? आई म्हणते, फौजदारांना शब्द दिलाय. का दिलाय, ते तिला आजही माहीत नाही. मी पांघरुणात पडून तिचा तो आरडाओरडा शेवटपर्यंत ऐकते, आणि मला फार बरं वाटतं.