बाबांचे अडुसष्ट किलो

काल इथे, जर्मनीत, लेकीला वजनकाट्यावर उभं केलं. “बाहुली हातात धरली तर चालेल?” तिने विचारलं, आणि मी पाच वर्षं मागे, पुण्यातल्या आमच्या वाकडच्या फ्लॅटमध्ये जाऊन पोचले.

आम्ही परत इकडे यायला निघालो होतो. हॉलभर उघड्या बॅगा, गोड्या मसाल्याचा वास, चिकटपट्टीचा चरचराट. बॅग काट्यावर ठेवली की आकडा झाकला जायचा, म्हणून थेरगावहून आलेले बाबा ती उचलून काट्यावर उभे राहिले. आलेल्या आकड्यातून त्यांचं वजन वजा करायचं.

“बाबा, तुमचं किती?”

“अडुसष्ट. लग्नापासून तेवढंच आहे गं.”

आकडा एक्क्याण्णव आला. म्हणजे बॅग तेवीस किलो, विमानात चालते बरोब्बर तेवढी. पट्ट्याखाली त्यांच्या पँटच्या चुण्या गोळा झाल्या होत्या. त्या मला दिसल्या होत्या, पण मी कात्री शोधत होते.

विमानतळावर बॅग अठ्ठावीस भरली. मागे रांग, कडेवर रडणारी लेक. आईने भरून दिलेले मसाल्याचे, मेतकुटाचे डबे मी फरशीवर बसून बाहेर काढले आणि दाराशी थांबलेल्या बाबांच्या हातात कोंबले.

“साधं वजनही नीट करता येत नाही तुम्हाला?”

“चुकलंच गं माझं,” डबे छातीशी धरत ते म्हणाले.

चुकलं नव्हतं. आजाराने बाबाच त्रेसष्टवर आले होते. डॉक्टरांना कळेपर्यंत उशीर झाला. त्या दिवाळीला बाबा नव्हते.

त्यांना एकदा रिकाम्या हातांनी काट्यावर उभं करायला मला सुचलं नाही.