दाजींनी नेलेलं कवाड

पौषातल्या दुपारी अकोटची दमणी दाराशी थांबली. गाडीवानानं बैल सोडले आणि आधी एक कवाड उतरवलं... ते बघून मी ओट्यावरच बसलो. "मी मेल्याशिवाय हे तुले वापस भेटत नाही," असं थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे नारायणदाजी, बजावून गेले होते. तापानं त्यांना नेलं आणि त्यांनी शब्द पाळला.

कवाड गेलं ती गोष्ट कापसाला सोन्याचा भाव आला त्या हिवाळ्यातली. अमरावतीत ज्याला त्याला व्यापारी व्हायची घाई. मी वकील, कापसातलं मला काय कळणार? तरी ओसरी आढ्यापर्यंत भरून टाकली. लागूनच्या खोलीत बायको बाळंत झालेली, बाजेखाली कोळशाची शेगडी. एक ठिणगी उडाली तर माझी श्रीमंती संपली! म्हणून खोलीचं कवाड घट्ट लावलं आणि फटींत स्वतःच्या हातानं कापूस कोंबला. इतकं मन लावून मी एकही खटला चालवला नसेल.

दाजी डिंकाचे लाडू घेऊन आले. त्यांना एका जागी बसणं ठाऊक नव्हतं. येरझारा घालता घालता थबकले.

"लेकरू रडून काऊन नाही राहिलं रे?"

"गुणी हाये, दाजी. बापावर गेलं."

बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं जायचं नसतं. दाजींनी खांद्यानं कवाड लोटलं, माझं नवं उपरणं हाताला गुंडाळून शेगडी उचलली आणि अंगणात भिरकावली. निखारे उडाले आणि मी... मी धावलो तो कापसाकडे! हात पसरून ढिगासमोर उभा. तोवर दाजींनी बाज ओढत बाहेर आणली होती. बायकोला शुद्ध नाही, पोर मलूल. गार वारा लागला आणि पोर किंचाळली, मागोमाग बायकोनं डोळे उघडले. बाळंतपणाला आलेल्या सासूबाई हातात पळी घेऊन धावत आल्या, त्या दाजींवरच कडाडल्या, "वारं लागते ना लेकराले!"

"आमच्या शेतातल्या जागलीच्या खोपीत एक गडी असाच कवाड लावून शेगडी घेऊन निजला. उठलाच नाही," दाजी धापा टाकत म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "कापूस वाचला ना, वकीलसाहेब?"

निघताना त्यांनी कवाड काढून दमणीत टाकलं. "तुया काही भरोसा नाही." पुढे लग्नात, बाजारात, कुठंही भेटले की पहिला प्रश्न तोच, "कापूस वाचला ना?"

दाजींच्या तेराव्याला अकोटला गेलो. घरभर माणसं, पण कुणी मला चिडवेना. मी आपला या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिलो...

आता बायको पुन्हा बाळंत झाली आहे. सासूबाई म्हणाल्या, "कवाड आलंच हाये, तं लावून घ्या." जन्मात पहिल्यांदा मी त्यांना नाही म्हटलं. कवाड अंगणातल्या भिंतीला टेकून आहे, जाता-येता पाय अडखळतो. शेगडी मात्र त्यांनी सोडली नाही, वर दाराला घोंगडी टांगली. माझा पाय ठरत नाही. घडी घडी उठून घोंगडीचं टोक उचलतो.

"आत कापूस नाही हो, जावईबापू!" सासूबाई ओरडतात.

मी टोक तसंच धरून उभा राहतो... बाळ रडेपर्यंत.