स्टिल म्हणजे तरीही

दाक्षायणी ही साखर पेठेतल्या शिवपुत्र भुसाऱ्याची बायको. सातवीपर्यंत शिकलेली. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर, १९७४ साली, तिला दिवस गेले, आणि तिने शेजारच्या सारजाबाई मास्तरणींकडे इंग्रजीची शिकवणी धरली. पोराचा अभ्यास आपणच घ्यायचा, एवढाच हट्ट.

एकदा ती घोकत बसली होती, "स्टिल म्हणजे अजून. स्टिल म्हणजे तरीही." सासू गौरम्मा तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "इस्टील म्हणजे डबा. येवढं मला बी येतंय की!" घरभर हशा पिकला.

मार्गशीर्षात ती दवाखान्यात बाळंत झाली. तापाने दोन दिवस शुद्ध नव्हती. डोळे उघडले तेव्हा कुशीत कोणी नव्हतं.

"पोरगा झालाय. लई अशक्त हाय, काचेच्या पेटीत ठिवलाय," गौरम्माने सांगितलं.

तिला घरी आणलं, तरी तेच उत्तर. अंगावर दूध उतरलं होतं. ती वाटीत काढून द्यायची, शिवपुत्र झाकून न्यायचा आणि रिकामी वाटी परत आणायचा.

"प्याला का?"

"व्हय," म्हणून तो दुकानाकडे वळायचा.

बारावा दिवस उलटला, पण नाव ठेवायचं कोणी काढेना. "मला एकदा दाखवा तरी," ती म्हणाली.

"ओली बाळंतीण भाईर जात न्हाय," गौरम्माने विषय तोडला. दाक्षायणीच्या मनात पाल चुकचुकली.

चौदाव्या दिवशी शिवपुत्रच्या सदऱ्याच्या खिशात दवाखान्याचा कागद सापडला. तिने अक्षराला अक्षर लावून वाचलं. चाइल्ड, मेल. स्टिल बॉर्न. बॉर्न म्हणजे जन्मला. स्टिल म्हणजे तरीही. एवढा ताप, एवढे हाल, तरीही जन्मला! तिच्या जिवात जीव आला.

दुपारी सारजाबाई भेटायला आल्या. तिने कागद त्यांच्यापुढे धरला. "बाई, माझं मी वाचलं! तरीही जन्मला, असंच ना?"

सारजाबाईंनी चष्मा लावला. मजकूर दोन ओळींचा, पण त्यांची नजर बराच वेळ वर येईना.

"चुकलं व्हय माझं?"

"तुझं नाही गं. मी तुला दोनच अर्थ सांगितले होते."

"मग तिसरा सांगा की."

"हालचाल नसलेलं. निपचित. हे दोन शब्द जोडून आले, की..."

"रडलाच न्हाय तो?"

"नाही."

दारात गौरम्मा उभी होती. आता ही सासूवर तुटून पडेल, असं सारजाबाईंना वाटलं. पण दाक्षायणीचा आवाज अगदी बारीक आला.

"आत्याबाई, तुमी हातात घेतला व्हता?"

"व्हय."

"कुणावर गेला व्हता?"

गौरम्मा उंबऱ्यातच खाली बसली. "तुज्या आप्पावर. कपाळ तसंच, ह्ये येवढं. जावळ लई." बोलता बोलता तिने दोन्ही हात पुढे केले, आणि तो केवढा होता ते दाखवलं.

दाक्षायणी अंथरुणावरून सरकत जवळ गेली, त्या हातांमधली जागा बघत राहिली.

"नखं व्हती?"

"व्हती की, बारकी बारकी."

"आन् कान?"